जुनी सायकल : दुरुस्त करावी की नवी घ्यावी?

"वडिलांची सायकल आहे घरात. बरीच वर्षं जिन्याखाली उभी आहे. दुरुस्त करून घ्यावी, की तिच्यात पैसे घालण्यापेक्षा सरळ नवी आणावी?"

सायकलीविषयी बोलणं निघालं की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याला ती सायकल टाकवत नसते, कारण तिच्या कॅरिअरवर बसून तो शाळेत गेलेला असतो. तिच्यावर खर्च करायचाही धीर होत नाही, कारण कोपऱ्यावरचा दुकानदार सांगून बसलेला असतो, "हिच्यात आता राम नाही राहिला, साहेब." घरच्यांना आठवणी दिसतात, दुकानदाराला गंज दिसतो. सायकल मात्र कुणीच नीट तपासलेली नसते.

या प्रकरणात आपण ती तपासणी शिकणार आहोत. त्यासाठी वरच्या प्रश्नाचे दोन तुकडे करू. पहिला : ही सायकल दुरुस्त होण्याजोगी आहे का? दुसरा : दुरुस्त झाल्यावर ती तुमच्या कामाची आहे का? पहिल्याचं उत्तर सायकलीच्या लोखंडात आहे, दुसऱ्याचं तुमच्या रोजच्या रस्त्यात आणि तुमच्या गुडघ्यांत. ही दोन उत्तरं एकमेकांत मिसळली की गोंधळ होतो, म्हणून ती वेगवेगळी काढायची.

१. आधी ओळख पटवा

आपल्याकडच्या घरांतून सापडणारी जुनी सायकल बहुधा एकाच घडणीची असते : काळी, उंच, २८ इंची चाकांची, तारेऐवजी लोखंडी दांड्यांनी लागणाऱ्या ब्रेकची. रोडस्टर म्हणतात ती हीच. ही घडण मूळची इंग्लंडमधली. नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमची बीएसए आणि हर्क्युलिस या कंपन्यांच्या अशा सायकली स्वातंत्र्यापूर्वी इथे जहाजाने येत. पुढे त्याच नमुन्याच्या सायकली भारतात बनू लागल्या. मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता, आसनसोलजवळ सेन-रॅलेचा. चेन्नईजवळ अंबत्तूरला १९४९ मध्ये स्थापन झालेली टीआय सायकल्स हर्क्युलिस, फिलिप्स आणि बीएसए या नावांच्या सायकली बनवू लागली. १९५१ मध्ये सोनिपतला अ‍ॅटलास आली आणि १९५६ मध्ये लुधियानात हीरो सायकल बनवू लागली.

ही वंशावळ सांगण्याचं कारण व्यवहाराचं आहे. सायकल नॉटिंगहॅमची आहे की लुधियानाची, यावर तिचे सुटे भाग कुठे आणि कसे मिळणार हे ठरतं. हँडलच्या खाली, समोरच्या उभ्या नळीवर धातूचा बिल्ला असतो, तो पुसून बघा. बीएसए मुळात बंदुका बनवणारी कंपनी, म्हणून तिच्या बिल्ल्यावर रचून ठेवलेल्या तीन बंदुका दिसतात. रॅलेचं चिन्ह बगळ्याचं डोकं. तिच्या पुढच्या दातेरी चक्रातही बगळ्यांच्या माना कापलेल्या असतात. मागच्या चाकाच्या मध्यभागी 'स्टर्मी-आर्चर' असं कोरलेलं असेल, तर सायकलीला चाकाच्या पोटात बसवलेले गिअर आहेत असं समजा. त्या नावाशेजारी बारीक आकडे असतात, ते त्या हबच्या बनावटीचं साल आणि महिना सांगतात. हब मागाहून बदललेला नसेल, तर सायकलीचं वयच हाती आलं.

कधी मडगार्डवर किंवा हँडलजवळ नगरपालिकेच्या सायकल-कराचा जुना बिल्ला सापडतो. तो काढून भंगारात टाकू नका. रस्त्यावर सायकल चालवायलाही कर भरावा लागे, त्या काळाचा तो पुरावा आहे.

२. सायकलीत टिकाऊ काय आणि झिजाऊ काय?

सायकलीचे भाग दोन जातींचे. टायर, ट्यूब, चेन, फ्रीव्हील, ब्रेकचे रबर, छर्रे, पायडल हे झिजण्यासाठीच असतात. ते झिजले म्हणजे सायकल वापरली गेली, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या जातीत फ्रेम आणि पुढचा चिमटा. हे झिजत नाहीत. ते एकतर शाबूत असतात, नाहीतर वाकलेले, सडलेले किंवा तडकलेले असतात.

आजीच्या गोधडीचं बघा. वरची ठिगळं फाटली तर नवी लावता येतात, दोरा उसवला तर पुन्हा टाके घालता येतात. पण आतलं अस्तरच विरलं असेल तर टाका धरायला जागा उरत नाही. सायकलीचं अस्तर म्हणजे फ्रेम. म्हणून फाटलेले टायर आणि लोंबणारी चेन बघून सायकल मोडीत काढू नये, आणि चकचकीत नवे टायर बघून ती धडधाकटही समजू नये.

जुन्या सायकलीच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे : तिची फ्रेम पोलादाची असते. धातूवर पुन्हा पुन्हा ताण पडला की तो आतून थकतो. पोलादाचं वैशिष्ट्य असं, की ताण एका मर्यादेच्या आत राहिला तर ते व्यवहारात थकतच नाही, लाखो हिसके सहन करतं. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. त्यात छोट्या हिसक्यांचाही हिशोब साठत जातो, म्हणून अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम मुळातच जाड आणि रुंद नळ्यांची करावी लागते. आपल्या काळ्या सायकलीच्या नळ्या भरपूर जाड असल्यामुळे रोजच्या वापराचा ताण त्या मर्यादेच्या बराच आत राहतो. साठ वर्षांची फ्रेम केवळ वयामुळे निकामी होत नाही. ती निकामी होते अपघाताने किंवा गंजाने.

दुसरी गोष्ट तिच्या सांध्यांची. जिथे दोन नळ्या भेटतात तिथे लोखंडी खोबण असते, तिला लग म्हणतात. नळी त्या खोबणीत घालून मधली फट वितळलेल्या पितळेने भरतात; हे काम म्हणजे ब्रेझिंग. अशी फ्रेम थोडी वाकली तर थंडच सरळ करता येते, एखादी नळी गेली तर सांधा तापवून ती नळी बदलताही येते. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमचं वेल्डिंग झाल्यावर तिला ठरावीक तापमानाची प्रक्रिया द्यावी लागते, ती गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडे होत नाही. 'जुनं ते सोनं' ही म्हण सायकलीच्या बाबतीत फ्रेमपुरती तरी खरी आहे, अर्थात ती फ्रेम पुढच्या परीक्षेत उतरली तर.

३. फ्रेमची परीक्षा

ही परीक्षा घरी, अर्ध्या तासात होते. सायकल आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या, कारण धुळीखाली तडा दिसत नाही. मग उजेडात उभी करा.

*पहिली जागा : हँडलमागच्या नळ्या.* सायकल कधी समोरून आदळली असेल तर त्याची खूण इथे सापडते. समोरच्या उभ्या नळीपासून खाली पायडलकडे जाणारी तिरकी नळी असते. तिच्या खालच्या बाजूने, लगच्या मागे बोटभर अंतरावर, तर्जनी हळूच फिरवा. शाबूत नळी सलग लागते. आदळलेल्या नळीवर बारीक वळी पडलेली असते, सतरंजीला चुणी पडावी तशी नजरेला न दिसणारी, पण बोटाला कळणारी. त्या जागी रंगाला आडव्या भेगा असतील तर शंका पक्की. वरच्या आडव्या दांडीखालीही असंच बोट फिरवा.

*दुसरी जागा : चिमटा.* पुढचं चाक ज्यात बसतं तो चिमटा बाजूने बघा. त्याचे पाय पुढे बाकदार वळलेले हवेत. ते मागे ढकलल्यासारखे दिसले आणि चाक तिरक्या नळीच्या फार जवळ आलं असेल, तर चिमटा वाकलेला आहे. चिमट्याची वरची नळी फ्रेमच्या आत दडलेली असते, म्हणून मिस्त्रीकडून चिमटा एकदा बाहेर काढून घ्या आणि नळी जिथे चिमट्याच्या खांद्याला मिळते ती जागा पुसून भिंगातून बघा. तिथे केसाएवढा तडा दिसला तर तो चिमटा पुन्हा वापरू नका, वेल्डिंग करूनही नको. फ्रेमची मागची नळी तुटली तर सायकल आधी कुरकुरते, डगमगते, सावध करते. चिमटा तुटतो तो एका क्षणात, आणि चालवणारा तोंडावर पडतो.

*तिसरी जागा : पोट.* जिथून पायडलचा एक्सल आरपार जातो ती आडवी नळी म्हणजे फ्रेमचं पोट. सीटच्या नळीतून उतरलेलं पावसाचं पाणी इथे साचतं, म्हणून गंज आतून सुरू होतो तो बहुतेकदा इथेच. सीटचा दांडा काढा आणि सायकल उलटी धरून हलवा. थोडी तांबूस भुकटी पडली तर हरकत नाही. पापुद्रे, खपल्या पडू लागल्या तर स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने पोटाच्या खालच्या बाजूला आणि मागच्या दोन नळ्यांच्या मुळाशी जोर देऊन टोचून बघा. टोक आत गेलं तर फ्रेम सडली आहे. मुंबई, कोकण, गोवा इथल्या खाऱ्या हवेत वाढलेल्या सायकलीची ही तपासणी अजिबात टाळू नका. वरून दिसणारा तांबूस थर मात्र घाबरण्यासारखा नसतो. तो घासून निघतो.

*चौथी जागा : सरळपणा.* यासाठी लागतो फक्त एक लांब दोरा. मागच्या चाकाच्या एक्सलजवळ, फ्रेमच्या एका बाजूच्या टोकाला दोरा बांधा. तो ताणून पुढे हँडलखालच्या उभ्या नळीला वळसा घाला आणि दुसऱ्या बाजूने परत आणून मागच्या दुसऱ्या टोकाला तसाच बांधा. आता सीटची नळी दोन्ही दोऱ्यांच्या मधोमध येते. पट्टीने दोन्ही बाजूंची अंतरं मोजा. समजा, डावीकडे २९ मिलिमीटर आणि उजवीकडे ३० मिलिमीटर आहे. फ्रेम उत्तम. २७ आणि ३१ निघालं तर फ्रेमचा मागचा भाग एका बाजूला सरकलाय. हुशार मिस्त्री तो सरळ करू शकतो. फरक याहून बराच मोठा असेल आणि पहिल्या जागी वळीही सापडली असेल, तर त्या सायकलीने मोठा अपघात पाहिला आहे.

या चार जागा शाबूत असतील तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ मिळालं : सायकल दुरुस्त होण्याजोगी आहे.

४. फिरणारे भाग : उघडल्याशिवाय निदान नाही

"पायडल मारताना कर्र कर्र आवाज येतो, म्हणजे सायकल गेली" असा एक समज आहे. तो आवाज बहुधा छर्ऱ्यांचा असतो. सायकलीत जिथे जिथे काही फिरतं तिथे एक वाटी आणि एक कोन असतो, आणि दोघांच्या मधे पोलादी छर्रे. वाटी फ्रेममध्ये किंवा हबमध्ये बसते, कोन एक्सलवर. वर्षानुवर्षं उभ्या सायकलीत या छर्ऱ्यांमधलं ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट होतं.

मिस्त्री पोट उघडतो तेव्हा समोर उभे राहा. पायडलचा दांडा (क्रँक) एक्सलला धरून ठेवणारी पाचर, म्हणजे कॉटर पिन, आधी निघते. ती वर्षानुवर्षांच्या गंजाने अडकलेली असते. चांगला मिस्त्री क्रँकखाली लोखंडाचा भक्कम टेका देतो आणि मगच हातोडी मारतो. टेका न देता मारलेला प्रत्येक घाव छर्ऱ्यांमधून वाटीत उतरतो आणि तिथे पोचे पाडतो. मिस्त्री कसा आहे हे त्या एका कामावरून कळतं.

एक्सल निघाला की छर्रे डिझेलमध्ये पडतात, काळं ग्रीस विरघळतं आणि आतली वाटी पुसली जाते. आता तिच्यात नीट पाहा. छर्रे जिथून फिरतात तिथे एक कडी उमटलेली असते. ती कडी गुळगुळीत आणि चमकदार असेल तर वाटी आणखी पुष्कळ वर्षं चालेल. तिच्यात बारीक खड्डे दिसले, देवीचे व्रण असतात तसे, तर वाटी आणि कोन दोन्ही बदलायचे. छर्रे मात्र नेहमी सगळेच्या सगळे नवे टाकायचे. एखादा जुना, झिजलेला छर्रा नव्यांत राहिला तर भार सारखा वाटला जात नाही.

चेनची परीक्षा पट्टीने होते. चेनच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर नव्या चेनमध्ये अर्धा इंच असतं. चेन ताणून धरा, पट्टीचं शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा. चोवीस अंतरांनंतरची पिन बरोबर १२ इंचांवर आली पाहिजे. ती १२ इंचांच्या पुढे अष्टमांश इंच गेली असेल तर चेन संपली. अशा वेळी मागचं फ्रीव्हीलही सोबतच बदला, कारण जुन्या चेनने त्याचे दाते आपल्या मापाने झिजवलेले असतात आणि नवी चेन त्यावर उड्या मारते.

चाक हवेत उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराजवळ नजर ठेवा. रिम डावी-उजवीकडे नाचत असेल तर चाकाचा आउट काढून घ्यावा लागेल, हे नेहमीचं काम आहे. रिमच्या भोकांभोवती गंजाचे तडे असतील तर मात्र रिमच बदलावी लागेल.

५. सुटे भाग मिळतील का?

इथे पहिल्या भागातली ओळख उपयोगी पडते. सायकल भारतीय बनावटीची काळी रोडस्टर असेल तर काळजीचं कारण नाही. त्याच घडणीच्या सायकली लुधियानात आजही बनतात. २८ इंची टायर, दांडीच्या ब्रेकचे रबर, कॉटर पिना, छर्रे, चेन हे तालुक्याच्या बाजारातही मिळतं. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद झाला. तरी अ‍ॅटलास चालवणाऱ्याचं काही अडलं नाही, कारण दुसऱ्या कंपनीचे भाग तिला चालतात.

नॉटिंगहॅमच्या रॅलेची गोष्ट वेगळी. सायकलीच्या पोटातली वाटी आट्यांनी घट्ट बसते. बहुतेक ब्रिटिश सायकलींत हे आटे इंचाला २४ असत. रॅलेने स्वतःचे २६ ठेवले होते. बाजारातली २४ आट्यांची वाटी या फ्रेममध्ये एक-दोन फेरे जाते आणि अडते. तिथे पान्याने जोर लावला तर फ्रेमचे आटे जातात आणि साठ-सत्तर वर्षं जपलेली वस्तू पाच मिनिटांत बिघडते. म्हणून अस्सल रॅलेची वाटी चांगली असेल तर तिला हात लावू नका. साफ करा, नवे छर्रे घाला, तीच परत बसवा.

चाकाच्या तारा मोजणंही असंच महत्त्वाचं. जुन्या पद्धतीत पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा असतात, कारण मागच्या चाकावर माणसाचा आणि कॅरिअरचा भार जास्त. आजच्या बऱ्याच रिमा दोन्हीकडे ३६ भोकांच्या असतात. न मोजता आणलेली रिम परत करायला दुसरा हेलपाटा पडतो.

चामड्याची जुनी सीट, ब्रूक्सची असो वा तिच्या धर्तीची, फेकण्याआधी रिव्हेटांभोवती बघा. तिथे चामडं फाटलं नसेल तर सीट वाचते. तेलात भिजवू नका. तेल जास्त झालं की चामडं सैल पडतं आणि झोळीसारखं लोंबतं. सीटचं खास मेण पातळ हाताने लावा, नाकाखालचा नट थोडा आवळा, एवढं पुरे.

६. चालती करायची की नवीकोरी?

"रिस्टोर करून द्या" असं म्हणून सायकल दुकानात सोडली की दुकानदार पहिल्यांदा रंग काढायला लागतो. म्हणून काय हवंय ते आधी ठरवा. मार्ग तीन आहेत.

पहिला, *चालती करणं*. झिजलेले भाग बदलायचे, छर्रे-ग्रीस करायचं, ब्रेक नीट लावायचे. रंगाला हात लावायचा नाही. दुसरा, *जपणं*. मूळ रंग, सोनेरी रेघा, बिल्ला, घंटी, डायनॅमो हे सगळं साफ करून तसंच ठेवायचं, गंज थांबवायचा, आणि सायकल अधूनमधूनच फिरवायची. तिसरा, *नवीकोरी करणं*. रंग पूर्ण उतरवायचा, क्रोम पुन्हा चढवायचं, फ्रेम पुन्हा रंगवायची.

तिसरा मार्ग सगळ्यांत महाग, आणि तिथून परत येता येत नाही. रंग उतरवण्यासाठी वाळूचा जोरदार मारा केला तर आधीच गंजलेली नळी आणखी पातळ होते, अक्षरं पुसली जातात आणि हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा कायमच्या जातात. मूळ रंग साठ टक्के जरी शाबूत असेल तर तो ठेवावा, हे माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या वडिलांच्या हाताने दांडीवर जिथे रंग घासला गेला ती जागा नव्या रंगाखाली गेली, तर ज्या कारणासाठी सायकल ठेवली तेच कारण पुसलं जातं. अस्सल रंगातल्या जुन्या सायकली किती देखण्या दिसतात हे बघायचं असेल, तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे, तिथे एकदा जाऊन या.

७. आता दुसरा प्रश्न : ती तुमच्या कामाची आहे का?

सायकल सुधारली म्हणजे ती तुम्हाला सोयीची झाली असं होत नाही. इथे तीन गोष्टी बघायच्या.

*उंची.* या सायकली २२ किंवा २४ इंची फ्रेमच्या असतात. पोटाच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत मोजलेलं ते माप. आडव्या दांडीवर पाय टाकून उभं राहिल्यावर दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या पाहिजेत. टेकत नसतील, किंवा पाय उंच करून टाकताना कंबर ओरडत असेल, तर ती सायकल तुमची नाही. वडील सहा फुटी असतील आणि तुम्ही सव्वापाच, तर कितीही दुरुस्ती केली तरी हा फरक भरून निघत नाही.

*चढ.* जुन्या रोडस्टरला बहुधा एकच गिअर. पुढच्या चक्राला ४४ दाते, मागच्या फ्रीव्हीलला १८ अशी जोडी नेहमी आढळते. हिशोब करू. ४४ भागिले १८ म्हणजे सुमारे २.४४. पायडलच्या एका फेऱ्यात चाक २.४४ फेरे घेतं. २८ इंची चाकाचा एक फेरा सुमारे २.२३ मीटरचा, म्हणून एका पायडलमागे सायकल साधारण ५.४५ मीटर जाते. सपाट रस्त्यावर हे छान, चढावर मात्र जड. मागे १८ ऐवजी २० दात्यांचं फ्रीव्हील घातलं तर ४४ भागिले २० म्हणजे २.२, आणि सायकल एका पायडलमागे सुमारे ४.९ मीटर जाते. जोर सुमारे दहा टक्के कमी लागतो. उड्डाणपुलासारखा चढ असेल तर एवढ्याने भागतं. रोज कात्रजचा घाट असेल तर भागणार नाही. तिथे गिअरची सायकलच हवी.

*ब्रेक.* दांडीचे ब्रेक क्रोमच्या लोखंडी रिमवर दाबतात. कोरड्यात ते ठीक काम करतात. रिम ओली झाली की रबर तिच्यावरून घसरतं आणि सायकल थांबायला कितीतरी जास्त अंतर घेते. नवे रबर घालूनही हा गुण पूर्ण जात नाही. पावसात थोडं आधीपासून ब्रेक हलका दाबून रिम पुसत राहायची आणि समोरच्या वाहनापासून दुप्पट अंतर ठेवायचं, हाच उपाय. पावसाळ्यात भर वाहतुकीतून रोज जायचं असेल तर अ‍ॅल्युमिनियम रिमची किंवा डिस्क ब्रेकची नवी सायकल अधिक सुरक्षित आहे, आणि इथे मायेने निर्णय घेऊ नये.

८. पैशांचा हिशोब

पुढचे आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून धरले आहेत; तुमच्या गावचे भाव टाकून हाच हिशोब करा. समजा, रोजच्या वापराची नवी साधी सायकल ९,००० रुपयांना येते. जुनी चालती करायला टायर-ट्यूब, चेन-फ्रीव्हील, छर्रे, रबर, पिना आणि मजुरी मिळून ४,५०० लागतात. नवीकोरी करायला रंग आणि क्रोम धरून १६,००० लागतात. तिन्ही सायकली सहा वर्षं वापरायच्या, आणि प्रत्येकीवर देखभालीचे वर्षाला ५०० रुपये.

चालती केलेली जुनी : ४,५०० भागिले ६ म्हणजे ७५०, अधिक ५००, वर्षाला १,२५० रुपये.
नवी : ९,००० भागिले ६ म्हणजे १,५००, अधिक ५००, वर्षाला २,००० रुपये.
नवीकोरी केलेली जुनी : १६,००० भागिले ६ म्हणजे सुमारे २,६६७, अधिक ५००, वर्षाला सुमारे ३,१६७ रुपये.

यातून दोन गोष्टी निघतात. फ्रेम शाबूत असेल तर जुनी चालती करणं हा स्वस्त मार्ग आहे. "जुन्यात पैसे घालणं म्हणजे वाया" हे खरं नाही. पण नवीकोरी करणं हा काटकसरीचा मार्ग नाही. तो मायेचा खर्च आहे. घरातल्या जुन्या फोटोला चांगली चौकट करतो तसा तो खुशाल करावा, फक्त बचत म्हणून करू नये. माझा ठोकताळा असा : दुरुस्तीचं बिल त्याच तोलाच्या नव्या सायकलीच्या किमतीच्या दोन तृतीयांशाच्या वर जाऊ लागलं, की पैशाचा युक्तिवाद सोडून द्यायचा आणि फक्त एक प्रश्न विचारायचा : ही सायकल आपल्याला ठेवायचीच आहे का?

खर्च टप्प्याटप्प्याने करा. पहिला टप्पा तपासणी आणि सफाईचा. फ्रेम नापास झाली तर तिथेच थांबता येतं. दुसरा टप्पा टायर, ब्रेक, छर्रे, चेन यांचा. मग दोन-तीन महिने सायकल चालवून बघा. रंग-क्रोम हा तिसरा टप्पा, आणि त्यानंतरही करावासा वाटला तरच. कित्येकांना तोवर कळतं, की सायकल जशी आहे तशीच आवडते.

९. निकाल

सगळं एकत्र करू.

चिमटा तडकला असेल आणि तसाच दुसरा मिळत नसेल, किंवा फ्रेमचं पोट सडलं असेल, तर ती सायकल रस्त्यावर आणू नका. बिल्ला, घंटी, डायनॅमो, सीट काढून घरात ठेवा. बाकीचं लोखंड भंगारवाल्याला द्या. तडकलेला चिमटा देताना तो पुन्हा कुणी वापरू नये म्हणून कापून द्या.

फ्रेम शाबूत, उंची तुमच्या मापाची, आणि रस्ता सपाट व चार-पाच किलोमीटरचा : दुरुस्त करून घ्या. नवी घेण्याचं एकही सबळ कारण नाही.

फ्रेम शाबूत, पण रस्ता घाटाचा, वाहतूक दाट किंवा उंची बेमाप : रोजच्यासाठी नवी घ्या, आणि जुनी कमी खर्चात चालती करून घरात जे तिच्या मापाचं असेल त्याच्या हाती द्या.

फ्रेम शाबूत, पण घरात चालवणारं कुणीच नाही : चालवेल अशा माणसाला द्या. दूध घालणारा, पेपर टाकणारा, शाळेसाठी लांबून पायी येणारा मुलगा, यांपैकी कुणीही तुमच्या वडिलांच्या सायकलीला जिन्याखालच्या अंधारापेक्षा चांगलं ठेवेल.

यांतला कोणताही निर्णय न घेणं हाच सगळ्यांत वाईट निर्णय. पडून असलेली सायकल तशीच टिकून राहत नाही. दर पावसाळ्यात पोटातला गंज थोडा आणखी खोल जातो, टायर थोडे आणखी तडकतात, आणि जे काम आज साडेचार हजारांत होतं ते पाच वर्षांनी फ्रेम सडल्यामुळे होतच नाही. तेव्हा येत्या रविवारी सायकल बाहेर काढा, पुसा, दोरा आणि पट्टी घेऊन बसा, आणि पावसाळा लागायच्या आत काय ते ठरवून टाका.